माझं इंग्रजी सीपर्यंत

माझ्याशी कुणाला इंग्रजीत बोलायचंच असेल, तर विषय सीच्या आतला काढावा. ॲग्रिकल्चर चालेल, ॲस्ट्रॉनॉमी चालेल, बजेटवर मी तासभर बोलेन आणि कॉन्स्टिट्यूशनवर तर समोरच्याला उठू देणार नाही. डेमॉक्रसीचा विषय निघाला की मात्र मला पाणी प्यावंसं वाटतं. यात माझा दोष असेलच. पण निम्मा वाटा आमच्या आबांचा आहे आणि उरलेल्यातला थोडा अमरसिंहाचा.

आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, अमरसिंहाचा अमरकोश मुखोद्गत होता. पहाटे आंघोळ करताना तांब्यागणिक एक श्लोक. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, अमरकोशात शब्द अक्षरांच्या क्रमाने लावलेले नाहीत. तीन कांडं, त्यांत वर्ग. आधी स्वर्ग आणि देवांची नावं, मग आकाश, दिशा, काळ. दुसऱ्या कांडात जमीन, गाव, डोंगर, झाडंझुडपं, सिंहवाघ, माणसं. प्रत्येक शब्द आपल्या भावकीत बसलेला. शिवाय सगळा मामला बव्हंशी अनुष्टुभात, त्यामुळे एक चरण म्हटला की पुढचा जिभेवर हजर. तो कोश रचलाच मुळी पाठ करण्यासाठी. आबांनी आयुष्यात एवढा एकच कोश हाताळला होता. त्यामुळे कोश ही शोधायची वस्तू असते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. कोश पाठ करायचा असतो, संपला विषय.

आम्ही सांगोल्याचे. इंग्रजीशी गाठ पाचवीत पडली आणि दहावीला मी त्या विषयात काठावर पास झालो. निकालाच्या दिवशी आबा काही बोलले नाहीत. मुंबईच्या मावशीला पत्र मात्र गेलं आणि आठवड्यातच जाडजूड इंग्रजी-मराठी डिक्शनरी घरात आली. आबांनी तिला हळदकुंकू लावलं, पाटावर ठेवली आणि म्हणाले, "रोज एक पान. पहिल्यापासून. मधूनच उघडायची नाही."

"आबा, ही छंदात नाहीये."

"मग तू लाव चाल."

मी लावली. पाढ्यांची. 'ॲबॅन्डन म्हणजे सोडून देणे, ॲबेस म्हणजे मान खाली घालायला लावणे, ॲबॅश म्हणजे लाजवणे, ॲबेट म्हणजे ओसरणे.' ओट्यावर बसून मी डुलत डुलत हे म्हणत असे आणि शेजारच्या काकू जाता जाता हात जोडत.

पुढे कळलं की खुद्द इंग्रजांनाही अक्षरांच्या क्रमाची सवय लावावी लागली होती. इंग्रजी शब्दांचे अर्थ इंग्रजीतच देणारा पहिला छापील कोश रॉबर्ट कॉड्री नावाच्या मास्तरने १६०४ साली काढला. शब्द अडीच हजारांच्या आसपास, आणि तेही फक्त अवघड. आपल्या पुस्तकात शब्द सापडायचा कसा, हे त्याला वाचकांना समजावून सांगावं लागलं: आधी अक्षरांचा क्रम पाठ करा, मग एचा शब्द सुरुवातीला बघा, व्हीचा शेवटाकडे. म्हणजे क्रम पाठ करायचा आणि शब्द शोधायचे. आमच्या ओट्यावर हे नेमकं उलटं चाललं होतं, पण सांगोल्यात कॉड्रीची बाजू मांडणारं कुणी नव्हतं.

पहिले काही दिवस मजेत गेले. मग घरातलं वातावरण बिघडू लागलं. कारण डिक्शनरीची पहिली पानं म्हणजे नुसता पळापळीचा आणि सोडासोडीचा बाजार. ॲबडिकेट म्हणजे गादी सोडणे. ॲबडक्ट म्हणजे पळवून नेणे. ॲबॉलिश म्हणजे बंद करणे. ॲबहॉर म्हणजे तिटकारा करणे. ॲबजेक्ट म्हणजे हीनदीन. ॲबस्कॉन्ड, ॲबसेंट, ॲबस्टेन, ॲबसर्ड, ॲब्यूज. सोळा वर्षांचा मुलगा रोज पहाटे उठून 'त्याग करणे, पळून जाणे, वर्ज्य करणे' असं घोकायला लागला, तर आईच्या पोटात गोळा येणारच. तिने गुपचूप माझी पत्रिका दाखवून आणली. गुरुजी म्हणाले, वैराग्याचा योग आहे, पण सौम्य.

वैराग्य वगैरे काही नव्हतं, लॅटिन होतं. कॉलेजात एका प्राध्यापकांनी हे गूढ उकललं. लॅटिनमध्ये 'ॲब' म्हणजे दूर, पासून, लांब. हा उपसर्ग लागलेले शब्द इंग्रजीत आले आणि अक्षरांच्या क्रमाने त्यांना थेट दाराशीच नेऊन बसवलं. (ॲबॅन्डन त्यातला नाही, तो फ्रेंचांकडून आलेला, त्याचं कूळ वेगळं. पण संगतीने तोही बिघडला असावा.) थोडं पुढे गेलं की 'ॲड' लागतो, म्हणजे कडे, जवळ. हा ॲड वेष बदलून फिरतो. पुढच्या अक्षरासारखा होतो. त्यामुळे ॲक्सेप्ट, ॲफेक्शन, ॲप्रोच, ॲट्रॅक्ट हे सगळे त्याच्याच घरचे. म्हणजे एचं प्रकरण आधी सगळ्यांना घराबाहेर काढतं आणि मग हळूहळू एकेकाला परत बोलावतं. सीमध्ये 'कॉन' आणि 'कॉम' भेटतात, म्हणजे सोबत. तिथे कमिटी, कंपनी, कॉन्फरन्स, नुसती गर्दी. आपल्या मराठी कोशातही हेच आहे म्हणा. अ म्हणजे नाही. अकर्म, अकाल, अकीर्ती, अगतिक, अज्ञान. कोश उघडला की आधी नकारघंटाच ऐकून घ्यावी लागते.

आता माझं पान पुढे का सरकेना, ते सांगतो. आबांचा दुसरा नियम पारायणाचा होता. खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून. आणि खंड पाडायला आमच्या घरात कारणं उदंड होती: ताप, सोयर, सुतक, डाळिंबाची फवारणी, कुणाची तरी मुंज. बीमध्ये शिरलो की कुणीतरी जायचं किंवा जन्माला यायचं, आणि मी पुन्हा ॲबॅन्डन. परिणामी ए असा पक्का झाला की झोपेत विचारलं तरी सांगेन, बी बरा, सी गुजराण करण्यापुरता, आणि डीच्या पलीकडे शाळेत शिकवलं तेवढंच. कॅट सीची म्हणून माझी, डॉग मात्र परका.

त्या काळात मला एकाच माणसाचा आधार वाटे, तो म्हणजे जेम्स मरे. ऑक्सफर्डच्या महाकोशाचा हा संपादक. १८७९ साली करार झाला, दहा वर्षांत काम पुरं करायचं ठरलं. बागेत लोखंडी पत्र्याची खोली बांधून त्यात चिठ्ठ्यांचे डोंगर रचले. घरातली पोरंसुद्धा खाऊच्या पैशांवर चिठ्ठ्या लावायला बसवली. टपाल इतकं येई-जाई, की टपालखात्याने त्याच्या ऑक्सफर्डच्या घरासमोर पेटीच बसवली. आणि पाच वर्षांनी, १८८४ साली, पहिला भाग बाहेर पडला तो कुठपर्यंत? ए ते ॲन्ट. मुंगीपर्यंत! मरे १९१५ साली गेला, तेव्हा कोश अजून अर्धवटच होता; पुरा व्हायला १९२८ उजाडलं. आपल्याकडेही वेगळं नाही. मोल्सवर्थने सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश शेवटी कँडीने हातावेगळा केला, १८४७ साली. एवढी मोठी माणसं जिथे अडखळली, तिथे मी बीमध्ये अडखळलो तर काय बिघडलं? फरक इतकाच, की ते लिहीत होते आणि मी नुसता डुलत होतो.

कॉलेजात गेल्यावर ही विद्या बाहेर काढायची वेळ आली. गॅदरिंगमध्ये आमच्या वर्गातल्या एका मुलीने नाट्यगीत म्हटलं. हॉल दणाणून गेला. मी तेव्हा 'ॲड'च्या पानांत होतो. मन जवळिकीच्या बाजूला झुकलेलं. दुसऱ्या दिवशी लायब्ररीच्या पायरीवर तिला गाठलं आणि म्हणालो, "युवर साँग वॉज ॲडिक्वेट."

डिक्शनरीत अर्थ दिला होता: पुरेसा. आता आमच्याकडे पंगतीत वाढपी समोर आला आणि माणसाने दोन्ही हात आडवे धरून "पुरे, पुरे" म्हटलं, तर ती स्वयंपाकाला दिलेली सर्वांत मोठी दाद असते. मी त्या भावनेने बोललो. ती पुण्याच्या इंग्रजी शाळेत शिकलेली होती, तिने ते परीक्षकाच्या भावनेने ऐकलं. "थँक्स," म्हणाली, "तुझं इंग्रजीपण." त्यानंतर वर्षभर ती मला पाहिलं की पुस्तकात बघे. ॲडोरेबल हा शब्द त्याच पानावर होता. पण त्याचा अर्थ 'पूजनीय' असा छापलेला होता आणि वीस वर्षांच्या मुलीला पूजनीय म्हणण्याइतका मी काही खुळा नव्हतो.

बँकेच्या मुलाखतीचं मात्र जमून गेलं, आणि तेही निव्वळ अज्ञानावर. टेबलामागे तिघे. मधल्याने विचारलं, "व्हॉट इज युवर हॉबी?" खरं उत्तर वाचन, पण रीडिंग आरमध्ये. क्रिकेट माझ्या हद्दीत होतं, पण आधीचे सगळेच क्रिकेट सांगून बाहेर पडले होते. मी एकदम म्हणालो, "अँगलिंग, सर." गळाने मासे पकडणे. पान आठवत होतं, मासा आयुष्यात पाहिला नव्हता.

उजव्या हाताचे गृहस्थ तोवर पेंगत होते. ते ताठ बसले. ते मालवणचे निघाले.

"गळाला काय लावता?" त्यांनी सरळ मराठीत विचारलं.

"कणकेचा गोळा." हे गोष्टीत वाचलं होतं.

"मासा कुठला लागतो?"

मी मनातल्या मनात ए पासून सीपर्यंत झरझर पानं उलटली. "ॲन्चोव्ही. बॅराकुडा. आणि कॉड."

"कॉड? कुठल्या नदीत?"

"माण नदीत, सर."

"सांगोल्याची माण? अहो, तिला पाणी तरी असतं का?"

"नसतं, सर. म्हणूनच तर हॉबी आहे."

ते गृहस्थ इतके हसले की डोळ्यांना रुमाल लावावा लागला. कॉड हा थंड समुद्रातला मासा असून तो उत्तर अटलांटिकमध्ये सापडतो, हे त्यांनी मला तिथेच समजावून सांगितलं. नेमणुकीचं पत्र महिन्याभरात आलं. आबांनी ते देवापुढे ठेवलं, डिक्शनरीशेजारी.

नेमणूक सोलापूरच्या शाखेत, रोखपालाच्या खिडकीत. तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे, आणि दोन्ही लागल्याशिवाय ती उघडत नाही. ही पद्धत मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात ती वारंवार लागली.

अक्कलकोटला चुलतभावाच्या मुलाची मुंज होती. शनिवार-सोमवार रजा हवी होती. आमच्याकडे रजेचा अर्ज म्हणजे ठरलेला मजकूर: आय बेग टू स्टेट, सफरिंग फ्रॉम फीव्हर, लीव्ह फॉर टू डेज, आणि खाली ओबिडियंटली. पण लीव्ह हा शब्द आमचा शिपाईसुद्धा लिहीत असे. इतकी वर्षं ओट्यावर घसा कोरडा केला तो कशासाठी? रजा घेणे म्हणजे कामावरून निघून जाणे. निघून जाणे म्हणजे काय, हे तर मला सगळ्यांत आधी पाठ होतं. शुक्रवारी संध्याकाळी मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'रिस्पेक्टेड सर, ॲज माय कझिन्स सन्स थ्रेड सेरेमनी इज ॲट अक्कलकोट, आय विश टू ॲबस्कॉन्ड फॉर टू डेज. काइंडली ॲक्विएस.' किल्ली रीतसर सहकाऱ्याच्या ताब्यात दिली, वहीत सही घेतली, अर्ज मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर पेपरवेटखाली ठेवला आणि एसटी पकडली.

साहेबांनी अर्ज शनिवारी सकाळी वाचला. त्यांच्या जागी कुणीही असतं तरी तेच केलं असतं. रोखपाल स्वतःच्या हस्ताक्षरात फरार होतोय म्हणून कळवतो, वर मूकसंमतीही मागतो! त्यांनी आधी स्वतःचा अंगठा बघितला म्हणे, कुठे शाई लागली आहे का, म्हणजे आपण ॲक्विएस करून बसलो की काय. मग दार लावून घेतलं. दोन्ही किल्ल्या लावून तिजोरी उघडली. शनिवार, अर्ध्या दिवसाचं कामकाज, बाहेर पेन्शनरांची रांग, आणि आत शाखेतले झाडून सगळे अधिकारी नोटा मोजायला बसलेले. शंभराच्या गड्ड्या, मग दहाच्या, मग एकेकच्या मळक्या, टाचण्या मारलेल्या. शेवटी चिल्लर. पाच पैशांच्या चौकोनी नाण्यांची थैली साहेबांनी स्वतः टेबलावर ओतली.

हिशेबात पावणेदोन रुपये जास्त निघाले.

बँकेत काम केलेला माणूस सांगेल, रोकड कमी भरली तर रोखपाल खिशातून भरतो आणि प्रकरण मिटतं. रोकड जास्त भरली तर मात्र कागद सुरू होतात. हे पैसे कुणाचे? कुठल्या खात्यात ठेवायचे? आणि पावणेदोन रुपये मागे ठेवून पळणारा हा कसला चोर? साहेबांना वाटलं, यात काहीतरी खोल डाव आहे. त्यांनी वरच्या ऑफिसला अर्जंट ट्रंक कॉल लावला आणि माझा अर्ज वाचून दाखवला. लाइन खराब होती. तिकडच्या माणसाला 'अक्कलकोट' आणि 'ॲबस्कॉन्ड' एवढेच दोन शब्द कळले आणि तो म्हणाला, "मग पत्ता दिलाय ना, पकडा की!"

दुपारी मी पंगतीत मठ्ठा वाढत होतो. सोवळ्याचा पंचा, हातात ओगराळं. मांडवाच्या दारात आमच्या बँकेतले एक अधिकारी आणि दोन शिपाई उभे दिसले. मला वाटलं, काकांनी बोलावलं असेल. मी त्यांना पाटावर बसवलं. ते पाटाच्या कडेवर अवघडून बसले. शिपाई मांडवाच्या दोन्ही दारांना गेले.

"अहो," अधिकारी हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही पळून का नाही गेलात?"

"जेवण झाल्यावर जाईन ना, साहेब. परवाची रजा आहे."

मग त्यांनी खिशातून माझा अर्ज काढला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. मी पाठ असलेला अर्थ खणखणीत आवाजात म्हणून दाखवला: "निघून जाणे; विशेषतः कायद्याच्या भीतीने गुप्तपणे पळून जाणे." उत्तरार्ध इतकी वर्षं मी म्हणत होतो, ऐकला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा. बटूच्या आजोबांनी तेवढ्यात "कोण पळालं?" असं विचारल्यामुळे मांडवात जी काही पळापळ झाली, तिचं वर्णन करत नाही. अधिकाऱ्यांनी जिलबी मात्र दोनदा मागून घेतली. शिपायांनाही बसवलं.

चौकशी झाली. वरून शेरा आला, की सदर कर्मचाऱ्याचा हेतू शुद्ध असून भाषा संशयास्पद आहे. तेव्हा त्यास रोख व्यवहारापासून दूर ठेवावे. पावणेदोन रुपयांचा पत्रव्यवहार मात्र मी निवृत्त होईपर्यंत कुठल्या तरी फायलीत जिवंत होता, असं म्हणतात.

मला नमुना सह्यांच्या कार्डांवर बसवलं. खातेदार पैसे काढायला आला की त्याचं कार्ड खणातून काढायचं आणि स्लिपवरची सही ताडून बघायची. कार्डं आडनावाप्रमाणे, इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेली. साहेबांना वाटलं ही शिक्षा; मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. पण पुस्तकातला क्रम वेगळा आणि सोलापुरातला वेगळा. पीच्या खणात पाटील आणि पवार असे ठासले होते, की तो बंद करायला गुडघा लागे. बीचा खण जवळजवळ बिराजदारांनीच भरलेला. चौधरींची तर चार बिऱ्हाडं: कुणी एयू लिहितो, कुणी ओयू, कुणी ओडब्ल्यू, शेवटी कुणी आय, कुणी वाय. सख्खे भाऊ वेगवेगळ्या गठ्ठ्यांत राहायचे. क्षीरसागरांना केएसएचमध्ये शोधावं तर ते एक्स लावून आलेले नाहीत ना, अशी मला उगीच भीती वाटे. एक्सचा खण मात्र पूर्ण रिकामा होता. सरकारी फर्निचर वाया कशाला घालवा, म्हणून त्यात आम्ही चहाची साखर ठेवत असू.

व्यवस्था उत्तम चालली होती. मग रेल्वेत बदली होऊन गोव्याचे एक गृहस्थ आले, आडनाव झेवियर. त्यांनी खातं उघडलं. क्रमाला धरून मी त्यांचं कार्ड एक्सच्या खणात ठेवलं, साखरेच्या डब्याला टेकवून. ऐन पावसाळ्यात ते पैसे काढायला आले. मी कार्ड काढलं; ते डब्याला जरा चिकटूनच निघालं. सही ताडून बघतो तर स्लिपवरच्या सहीला शेवटी एक फाटा, कार्डावरच्या सहीला दोन. अशा वेळी बँकेत 'सिग्नेचर डिफर्स' म्हणायचं असतं. डिफर्स डीमध्ये. मी शब्द जुळवतोय तोवर कार्डावरचा जादा फाटा चालायला लागला आणि त्याच्यामागून आणखी पाचसहा फाटे निघाले.

"सर," मी म्हणालो, "ॲन्ट्स. ॲबंडन्ट ॲन्ट्स."

झेवियरसाहेबांनी खिडकीतून हात घालून कार्ड घेतलं, त्यावर फुंकर मारली आणि परत दिलं.

"मुंग्या आहेत हो, मुंग्या," ते म्हणाले. "आणि पैसे दहाच्या नोटांत द्या, बाजारात जायचंय."